फक्त काढलेला आवाज

१

सोमवारी सकाळी बारकीने हेडफोन कानाला लावले, पहिलं प्रकरण उघडलं, प्ले दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी हेडफोन ओरबाडून टेबलावर टाकले. आवाजाची कळ कुणीतरी पार टोकापर्यंत फिरवून ठेवली होती. भिंतीपलीकडच्या बेकरीतल्या फ्रीजची घरघर थेट मेंदूत शिरली. मनातल्या मनात एक चांगलीशी शिवी घालून तिने कळ मागे आणली आणि पुन्हा ऐकायला बसली.

फ्रीजची घरघर. खुर्चीची कुरकुर. पान उलटल्याची सळसळ. ती नेहमीची बारीक टिकटिक. मग पुन्हा घरघर.

वाचककाका कुठेच नव्हते.

तिने पुढे सरकवून पाहिलं. दुसरं प्रकरण उघडलं, तिसरं उघडलं. फाइल उडाली असती तर एक वेळ समजलं असतं. यंत्रं दगा देतात, त्याचा तिला सराव होता. पण इथे काहीच उडालेलं नव्हतं. खोली होती, फ्रीज होता, पुस्तकाची पानंसुद्धा आपापल्या वेळेला उलटत होती, आणि वाचणारा माणूस तेवढा कुणीतरी अलगद उचलून नेला होता.

"दादा!" ती ओरडली. तो आवाज ऐकून बाहेरच्या खोलीतून दादा आला, त्याच्या मागून हिशेबाचा चष्मा कपाळावर चढवलेली वहिनी आली.

हा स्टुडिओ दादाचा. स्टुडिओ म्हणजे तीन खोल्या: बाहेर वहिनीचं टेबल आणि एक सोफा, मध्ये बारकीचा कॉम्प्युटर, आणि आत भिंतींना सतरंज्या ठोकलेली रेकॉर्डिंगची खोली. दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी इथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड होत. बारकी ही दादाची धाकटी बहीण. वय तिशीच्या पुढे गेलं तरी नाव बारकीच राहिलं. ध्वनीचं सगळं काम तिच्याकडे. आणि वाचककाका हे या तीन खोल्यांचं दैवत. त्यांनी समुद्रावरची एक जाडजूड कादंबरी वाचून पुरी केली, आणि नंतर लगेच त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. काकू तर त्याच्याही आधी गेल्या होत्या. आता काकांचा आवाज जगात फक्त या रेकॉर्डिंगमध्ये शिल्लक होता. किंवा शुक्रवारपर्यंत तरी होता.

वहिनीने एक हेडफोन कानाला लावला आणि मटकन खालीच बसली. "अगं बाई, काका कुठे गेले?"

दारात काका स्वतः उभे होते. आवाज गेला तरी त्यांची रोजची सवय गेली नव्हती. सकाळी त्यांची लेक त्यांना सोफ्यावर आणून सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. गळ्याभोवती पांढरा रुमाल, हातात लिहून पुसायची पाटी. त्यांनी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघता बघता पांढराफटक पडला. ते पाटीवर काहीतरी लिहू लागले.

"काका, नका हो त्रास करून घेऊ," वहिनीने उठून त्यांच्या हातातली पाटी काढून घेतली, पदराने पुसून टेबलावर ठेवली आणि त्यांना धरून सोफ्यावर नेऊन बसवलं. "आम्ही बघतो काय ते. घोटभर पाणी घ्या बघू."

पाण्याचा ग्लास तिने त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी त्याला हात लावला नाही.

२

"इंटरनेटवर प्रत असते ना आपली?" दादाने विचारलं. तो आवाज चढवत नव्हता, आणि बारकीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"असते. पण इथली फाइल बदलली की तिथलीही आपोआप बदलते. बघितलं मी. तिकडेही घरघरच आहे."

"आणि जुन्या डिस्कवर?"

जुनी डिस्क भरली होती. मूळ रेकॉर्डिंग दुसरीकडे ठेवू, नवीन डिस्क आणू, असं गेले कित्येक महिने तिघंही एकमेकांना सांगत होते.

"तुझ्या त्या सॉफ्टवेअरच्या नादाने झालंय हे सगळं," दादा म्हणाला.

बारकीला रडू फुटायचं बाकी राहिलं. कारण त्यात तथ्य होतं. काकांच्या रेकॉर्डिंगमधली फ्रीजची घरघर काढायला चांगलं सॉफ्टवेअर हवं होतं. मोठमोठे स्टुडिओ वापरतात ते यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून परवडणारी तीन तिने चाचणीसाठी उतरवून घेतली होती आणि त्यांना आपल्या सोयीची नावं ठेवली होती. पहिलं फुकट्या: छदाम लागत नाही, पण माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. दुसरं हप्तेवाला: दर महिन्याला पैसे भरा, फाइल त्यांच्याकडे पाठवा, ते गुळगुळीत करून परत पाठवतात. तिसरं एकदाच: एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं.

गुरुवारी तिने सगळ्यांना बसवून तिन्ही ऐकवली होती. तिची परीक्षा घ्यायची पद्धत जगावेगळी होती. काय उरलं ते ती ऐकतच नसे. काय काढलं ते ऐकायची. एकदाचमध्ये त्यासाठी एक बटणच होतं, 'फक्त काढलेला आवाज' नावाचं. ते दाबलं की बोलणारा नाहीसा होतो आणि सॉफ्टवेअरने कचरा म्हणून बाजूला टाकलेलं तेवढं ऐकू येतं. "कचऱ्यात माणसाचा आवाज सापडला तर समजायचं, सॉफ्टवेअर हावरट आहे," असं तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

आणि तेव्हाच वाचककाका ताडकन उठले होते. त्यांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. सगळ्यांना वाटलं, आपल्या आवाजाचे तुकडे कचऱ्यात जाताहेत हे त्यांना सहन झालं नाही. काकांच्या लेकीने तर बारकीला तिथेच झापलं होतं.

"लेक संध्याकाळी येईल त्यांना न्यायला," दादा म्हणाला. "आज पूर्ण झालेलं पुस्तक ऐकवायचं कबूल केलं होतं आपण. तिला मी काय सांगू? तुमच्या वडिलांचा आवाज सांभाळायला दिला होतात, तो हरवला म्हणून? बारके, हे कुणी केलं ते मला संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे. नाहीतर त्या खुर्चीवर मी तुला बसवू शकणार नाही. बहीण असलीस तरी."

बारकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण काकांचा आवाज गेल्यावर खुर्ची राहिली काय आणि गेली काय, हेही तिला त्याच वेळी वाटून गेलं.

३

तोंडावर पाणी मारून ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली आणि डोकं चालवू लागली.

फुकट्याने हे होणं शक्य नव्हतं. काढलेला आवाज वेगळा करून देणं त्याला जमतच नाही. हप्तेवाला तर दर वेळी नव्या नावाची नवी फाइल पाठवतो, जुनीला धक्का लावत नाही. उरलं एकदाच. ते जुन्याच फाइलवर नवं लिहून मोकळं होतं. आणि एकदाच फक्त याच कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे कुणीतरी शुक्रवारी, ती सुट्टी घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना, याच खुर्चीवर येऊन बसलं होतं. फाइलींवर वेळही शुक्रवारी दुपारचीच होती. बाहेरचा चोर कटाप झाला, आणि ते जास्तच वाईट होतं.

तिने बॅगेतला पेनड्राइव्ह काढला. गुरुवारी तिन्ही सॉफ्टवेअरने साफ केलेल्या सगळ्या प्रकरणांच्या वेगळ्या प्रती तिने घरी तुलना करायला नेल्या होत्या. एकदाचची प्रत लावली. आवाज काकांचाच, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शब्द होते, श्वास नव्हता. हाच तो आवाज ऐकून काकांची लेक म्हणाली होती, "हे माझे बाबा नाहीत." बारकीने पेनड्राइव्ह बाजूला ठेवला.

पहिल्यांदा तिने वहिनीला गाठलं.

"वन्सं, माझ्यावर संशय?" वहिनी रागावली की तिला वन्सं म्हणायची, एरवी बारके. "शुक्रवारी दुपारी मी बँकेत होते. आणि आल्यावर तुमच्या कॉम्प्युटरवर बसले होते, हो, बसले होते! फुकट्या लावून बघितलं पाचएक मिनिटं. म्हटलं, फुकटात होत असेल तर कशाला पैसे घालवायचे? जमलं नाही, उठले. तुमच्या एकदाचला मी बोटसुद्धा लावलं नाही."

"तू बसलीस तेव्हा हेडफोनची कळ कुठे होती?"

वहिनी गोंधळली. "कळ? अगं हो. मोठ्ठा आवाज आला एकदम. मी घाबरून हेडफोनच काढून ठेवले, पडद्यावरच्या रेघा बघून उठले. का गं?"

म्हणजे वहिनी बसली तेव्हा घडायचं ते घडून गेलं होतं. बारकीने ते मनात टिपून ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली. तिथे गोडगळ्या मफलर गुंडाळून कोमट पाणी पीत बसला होता. स्टुडिओचा नवा वाचक. आवाज मधाळ, आणि त्याचा अभिमान त्याहून मधाळ. कादंबरी पुन्हा वाचायची वेळ आली तर काम त्याच्याचकडे जाणार, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

"शुक्रवारी तू या कॉम्प्युटरवर काय करत होतास?" तिने खडा टाकून पाहिला.

गोडगळ्याच्या हातातलं पाणी हिंदकळलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगतोयस आता."

त्याची मान खाली गेली. "सकाळी ऐकायला बसलो होतो. काकांचीच प्रकरणं. वादळाच्या वर्णनात ते कुठे थांबतात, कुठे श्वास घेतात, ते... शिकत होतो म्हण. चोरत होतो म्हण हवं तर. पण मी वाहवून गेलो होतो गं. असा आवाज कोण पुसेल? मी कशाला पुसेन, मला तर अजून अर्धाही जमलेला नाही!"

"आवाज किती मोठा ठेवला होतास?"

"मोठा? माझ्या कानांना?" तो खरोखर दुखावला. "मी नेहमी अगदी हळू ठेवतो. कान गेले तर मी संपलो."

तो खरं बोलत होता. त्याच्या कानांच्या लाडांना सगळेच कंटाळले होते. बारकी परत जायला वळली आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीला तिचा पाय लागला. खुर्ची कुरकुरली.

बारकी जागच्या जागी थिजली. ही कुरकुर तिने आज सकाळीच ऐकली होती. आणि वाचककाका जन्मात कधी बसून वाचत नसत. ते नेहमी उभ्यानेच वाचायचे.

४

काकांची लेक त्या दिवशी लवकरच आली. वहिनीने न राहवून तिला फोन केला होता. ती बारकीपेक्षा मोठी, हाडांची डॉक्टर, बोलायला फटकळ. तिने काही विचारलं नाही. हेडफोन लावले, ऐकलं, काढले आणि टेबलावर ठेवले.

"ताई, तुम्ही गुरुवारी म्हणाला होतात," बारकी कशीबशी बोलली, "असा आवाज लोकांपुढे जाण्यापेक्षा न गेलेला बरा."

"म्हणाले होते. आणि शुक्रवारी बाबांना सोडायला आले तेव्हा तुझ्या वहिनीलाही तेच सांगितलं, हे पुस्तक असं बाहेर काढू नका म्हणून." ती बारकीकडे वळली. "म्हणून मी ते पुसून टाकीन असं वाटलं तुला? अगं, आईचा आवाज कुठेच नाही आमच्याकडे. फोटो ढीगभर आहेत. तिला रेकॉर्ड करावं असं कुणाला सुचलंच नाही. आवाजाचे धनी बाबा, आई आपली गप्प बसणारी. ती गेली आणि तीन महिन्यांत मला तिचा आवाज आठवेनासा झाला. म्हणून बाबांचा तरी जसाच्या तसा राहू दे म्हणत होते मी! डब्यातला नको, खरा!"

सोफ्यावर काका पुन्हा पाटी शोधत होते. पाटी वहिनीच्या टेबलावर कागदांखाली गेली होती. लेकीने डोळे पुसले, त्यांच्याजवळ जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, शांत बसा. पाणी तरी घेतलंत का? नाही ना? घोटभर पाण्यासाठी रोज विनवण्या करायच्या का मी?"

काकांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने ते आणखी घट्ट धरले.

बारकीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्यासमोर फाइलींची यादी होती आणि सकाळच्या धसक्यात तिने न पाहिलेली एक गोष्ट आता तिला दिसत होती. शेवटची काही प्रकरणं शाबूत होती. तिने एक लावलं. काकांचा भरदार आवाज खोलीभर पसरला आणि सगळे दचकले.

"आहे की!" दादा धावत आला.

"शेवटची तेवढीच आहेत."

"म्हणजे त्याला वेळ पुरला नाही. कुणीतरी आलं असेल, पळाला."

हेच बारकीलाही आधी वाटलं. पण मग तिने ते शेवटचं प्रकरण नीट ऐकलं, मागचा आवाज ऐकला. फ्रीजची घरघर होती, पानांची सळसळ होती. खुर्चीची कुरकुर नव्हती. आणि टिकटिकही नव्हती.

ती टिकटिक ती कित्येक महिने फ्रीजचीच समजत आली होती. फ्रीज तोच, भिंत तीच. मग शेवटच्या प्रकरणांत टिकटिक गेली कुठे?

तिने पुसलेल्या फाइलींपैकी एक उघडली, हेडफोन लावले आणि हेडफोनची कळ, सकाळी होती तशीच, टोकापर्यंत फिरवली. या वेळी मुद्दाम. घरघर कानावर आदळली. तिने दात आवळून सहन केली आणि तिच्या पलीकडचं ऐकू लागली.

प्रकरण संपत आलं. पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. टिकटिक थांबली.

आणि बारकीच्या तोंडून किंकाळी फुटली.

५

"मला सगळे इथे हवेत," ती म्हणाली. "काकासुद्धा. वहिनी, काकांची पाटी दे आधी. त्यांच्या हातात दे."

सगळे मधल्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. काकांना बारकीच्या खुर्चीवर बसवलं.

"सकाळपासून मी विचारत होते, काकांचा आवाज कुणाला नको होता," ती म्हणाली. "प्रश्नच चुकला. नको असलेली गोष्ट पुसायला ती ऐकावी लागत नाही. हे ज्याने केलं तो बसून ऐकत होता, कळ टोकापर्यंत फिरवून, अगदी बारीक काहीतरी. गोडगळ्या उठल्यानंतर आणि वहिनी बसायच्या आधी. त्याला काकांचा आवाज घालवायचा नव्हताच. त्याला उरलेला आवाज हवा होता. एकदाच मी गुरुवारी उघडंच ठेवलं होतं, 'फक्त काढलेला आवाज' दाबलेल्या अवस्थेत. एक प्रकरण ऐकून झालं की दुसरं उघडताना ते विचारतं, बदल जतन करू का? त्याने दर वेळी 'हो' म्हटलं. त्याला वाटलं, आपण जे ऐकलं ते जपून ठेवलं जाईल. मूळ आवाजावरच ते लिहिलं जातंय हे त्याला कुठून कळणार?"

"पण खरखर कुणाला हवी असते?" गोडगळ्याने विचारलं.

"शेवटची प्रकरणं त्याने उघडलीच नाहीत. कारण त्यांत त्याला हवं ते नव्हतं. काकू अंथरुणाला खिळल्यावर झालेलं रेकॉर्डिंग आहे ते."

काकांच्या लेकीने झटकन वर पाहिलं.

"काकांना रिकाम्या खोलीत वाचता यायचं नाही. समोर एक तरी माणूस लागायचं. म्हणून काकू त्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, विणत. सुयांची टिकटिक माझ्या माइकमध्ये यायची आणि मी ती फ्रीजच्या नावावर टाकायची. त्या खोलीत रोज दुसरं एक माणूस बसलेलं असायचं हे मी साफ विसरले होते." ती काकांसमोर खाली बसली. "गुरुवारी तुम्ही माझं मनगट धरलंत ते याच आवाजासाठी, काका. सकाळपासून मी सगळ्यांना विचारलं. तुम्हाला सोडून. तुम्ही रोजच इथे असता, म्हणून कुणी धरलंच नाही तुम्हाला. दोनदा सांगायला गेलात, दोनदा आम्ही हात धरले. आता लिहा."

काकांनी पाटी मांडीवर घेतली. खडूसारख्या पांढऱ्या पेनाने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मी केलं.' आणि त्याखाली, घाईघाईने: 'पुसलं जाईल माहीत नव्हतं.'

वहिनीने कपाळाला हात लावला. सकाळी पदराने तिने काय पुसलं होतं ते तिला आता कळलं.

"बाबा, पण टिकटिक ऐकण्यासाठी?" लेक पुटपुटली. "नुसत्या सुया ऐकण्यासाठी तुम्ही..."

"नुसत्या सुया नाहीत, ताई," बारकी म्हणाली. तिने हेडफोनची तार काढली, स्पीकर सुरू केला आणि प्रकरणाचा शेवट लावला.

घरघर. सळसळ. टिकटिक, टिकटिक. पुस्तक मिटलं. टिकटिक थांबली. खुर्ची कुरकुरली, आणि मग घरघरीच्या तळातून, कुजबुजीइतक्या हळू, एका बाईचा आवाज आला.

"अहो, दमलात. पाणी घ्या."

लेकीने टेबलाची कड धरली. "आई," ती म्हणाली. "ही आई आहे. पुन्हा लाव. बारके, पुन्हा लाव!"

बारकीने पुन्हा लावलं. मग पुढचं प्रकरण, त्याच्या पुढचं. प्रत्येकाच्या शेवटी तेच होतं. कुठे "पाणी घ्या", कुठे "पुरे आजच्याला", एकदा नुसतंच "अहो". तिच्या कानांवरून हे सगळं कितीतरी वेळा गेलं होतं. काकांचा शेवटचा शब्द संपला की ती पुढे सरकवायची. पुढचं सगळं तिच्या लेखी कापून टाकायचा भाग होता. तिला स्वतःचीच भयंकर शरम वाटली आणि ती तिने लपवलीही नाही.

काका पाटीवर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी ती लेकीसमोर धरली.

'रोज म्हणायची. मला कधी ऐकू आलं नाही. मी पुढचं पान बघत असायचो.'

६

शेवटी दादा म्हणाला, "काकू सापडल्या. पण काका तर गेलेच ना?"

बारकी टेबलावरच्या पेनड्राइव्हकडे बघत होती. आणि बघता बघता तिचे डोळे मोठे झाले.

"थांब," ती म्हणाली. "थांब, थांब, थांब. गुरुवारी एकदाचने मूळ आवाजाचे दोन भाग केले. डब्यातले काका माझ्याकडे या पेनड्राइव्हवर आहेत. आणि त्यांच्यातून जे जे काढलं, श्वास, खोली, फ्रीज, काकू, ते सगळं काकांनी जतन केलंय! मधल्या काळात एकदाचची कुठलीही सेटिंग कुणी हलवलेली नाही. वहिनीने फुकट्या लावला, गोडगळ्याने नुसतं ऐकलं."

"मग?"

"मग काय! उरलेलं अधिक काढलेलं, म्हणजे मूळ!"

तिने दोन्ही फाइली एकाखाली एक लावल्या, सुरुवात तंतोतंत जुळवली. पहिल्या खेपेला चुकली, पुन्हा जुळवली. मग प्ले दाबलं.

वाचककाकांचा आवाज खोलीत उभा राहिला. पूर्ण, छातीतून आलेला, श्वासासकट, फ्रीजच्या घरघरीसकट. वादळात सापडलेल्या गलबताचं वर्णन होतं. गोडगळ्याने मफलर तोंडावर धरला. वहिनी सरळ रडू लागली. खुर्चीत बसलेले काका आपलाच आवाज ऐकत होते, आणि त्यांचे ओठ शब्दाशब्दाला आवाजाविना हलत होते.

"हे आहेत माझे बाबा," लेक म्हणाली.

दादाने मागून येऊन बारकीच्या डोक्यावर टपली मारली. माफी मागायची त्याची हीच रीत होती. "उद्या सकाळी पहिलं काम, नवी डिस्क," तो म्हणाला. "आणि सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते तू ठरव. आता मी त्यात तोंड घालणार नाही."

"एकदाच घेऊ," बारकी म्हणाली. "पण वाचनाच्या भागापुरतंच चालवू, तेही अगदी हलक्या हाताने. प्रकरण संपलं की पुढचं काही कापायचं नाही, साफ करायचं नाही. चालेल, काका?"

काकांनी मान हलवली. मग त्यांनी बोटाने वर्तुळ काढून दाखवलं: पुन्हा.

तिने पुन्हा लावलं. या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. गलबत वादळातून बाहेर पडलं, काकांचं वाचन संपलं, पुस्तक मिटलं, सुया थांबल्या.

"अहो, दमलात. पाणी घ्या."

काका उठले. बाहेरच्या खोलीत गेले, सकाळपासून झाकून ठेवलेला ग्लास त्यांनी उचलला, आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले.